मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४४, पुण्यात आयटीत नोकरी, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं. वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात यंत्रमागावर आयुष्यभर चादरी विणल्या, आता ते घरी असतात. आई-वडील दोघंच सोलापुरात. तुम्ही दोन कोटींचा आकडा ठरवलाय. तो सहा वर्षांत गाठायचा, नोकरी सोडून इकडं यायचं आणि मग जगायचं. पैशापलीकडची श्रीमंती म्हणतात ती नेमकी काय, आणि सहा वर्षांनी आलो तर ती मला मिळेल का, हे तुम्ही विचारलंय. भाषण नको, करण्यासारखं सांगा, असंही लिहिलंय.

मी ३१ वर्षं सोलापुरात करसल्लागाराचं काम करतोय. विवरणपत्रं आणि ऑडिटची कागदपत्रं रोजची आहेतच, पण गेल्या पंधराएक वर्षांत मृत्युपत्रं आणि माणूस गेल्यानंतरची वारसाची कामं माझ्याकडं जास्त यायला लागली. त्यामुळं लोकांची संपत्ती मी दोनदा बघतो. एकदा ते ती जमवत असताना आणि एकदा ते नसताना. दुसऱ्या वेळी जे दिसतं, त्यावरून हे सांगतोय.

मृत्युपत्राबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर केलं तरी चालतं. पण दोन साक्षीदार लागतात, त्यातून सुटका नाही. आत काय लिहिलंय हे त्यांना वाचायला द्यावं लागत नाही. फक्त करणाऱ्यानं सही केलेली त्यांनी पाहायची आणि खाली आपापली सही करायची. मी पक्षकारांना एवढंच सांगतो, की ज्याला मिळकतीतून काही मिळणार आहे तो नको, तुमच्यापेक्षा वयानं लहान असेल तर बरं, आणि उद्या कोर्टात बोलावणं आलं तर कामधंदा सोडून ‘हो, मी होतो तिथं’ म्हणायला येईल असा माणूस हवा.

काही वर्षांपूर्वी होटगी रोडकडं राहणारे एक गृहस्थ आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. गाळे, प्लॉट, एमआयडीसीत शेड, मुदत ठेवी, सगळं रीतसर. मी मसुदा वाचून दाखवला, त्यांना तो पटला. मी म्हटलं, ‘गुरुवारी या, येताना दोन साक्षीदार आणा.’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खिशातून मोबाईल काढला आणि नावं वर सरकवायला लागले. अंगठा एखाद्या नावावर थांबायचा, पुन्हा सरकायचा. मला वाटलं, कुणाला तरी लगेच फोन लावतील. बराच वेळ गेला. मग मोबाईल उपडा ठेवून म्हणाले, ‘तुमच्या ऑफिसातली पोरं चालतील का वो?’

चालतात. कायद्यानं काही अडत नाही. गुरुवारी माझ्याकडचा एक मुलगा आणि त्यांचा ड्रायव्हर, अशा दोघांनी सह्या केल्या. माणूस वाईट नव्हता, कुणाला फसवलेलं नव्हतं. कुणाशी भांडणही नव्हतं. तीस वर्षं जे जे म्हणून बोलावणं आलं त्याला ‘या सीझनला जमत नाही’ एवढंच म्हटलं होतं.

त्याच वर्षी कुंभारीच्या वसाहतीतून एक विडी कामगार बाई आल्या. तिथली गोदूताई परुळेकर वसाहत तुम्हाला माहीत असेल, महिला विडी कामगारांची दहा हजार घरं, २००६ साली मिळालेली. पुढं तिथंच रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. या बाईंना आपलं घर धाकट्या मुलीच्या नावं करायचं होतं. मी दोन साक्षीदार सांगितले तर रिक्षातून पाच जणी उतरल्या. सही कुणी करायची यावरून माझ्या ऑफिसात मराठी-तेलुगू मिसळून असा वाद रंगला, की शेजारच्या दुकानातले लोक डोकवायला लागले. एक म्हणाली, ‘घरासाठी मोर्चाला हिच्याबरोबर कोण होतं? मी होते. मग मीच करणार.’

आता हे वाचून ‘गरीब पण सुखी’ असं चित्र मनात येत असेल तर ते पुसून टाका. मला त्या चित्राचा मनापासून राग येतो. त्या बाईंची मान पुढं कायमची वाकलेली होती. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, अशी चाळीस वर्षं काढल्यावर मान तशी होते. खोकला होता. गुडघ्याचं दुखणं पैशाअभावी रखडलं होतं. पैसा असता तर त्यांचं पुष्कळ दुःख कमी झालं असतं, आणि जो कुणी पैशाला तुच्छ म्हणतो त्यानं एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत महिन्याभराची मजुरी बुडवून उभं राहावं. अभ्यासही हेच सांगतो. २०१० मध्ये डॅनिएल कानेमन आणि अँगस डीटन यांनी मांडलं होतं, की उत्पन्न वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास गेलं की रोजच्या मनःस्थितीतली सुधारणा थांबते. त्याच कानेमननी २०२३ मध्ये इतरांबरोबर तो हिशेब पुन्हा केला, तेव्हा निघालं, की बहुतेकांच्या बाबतीत ती त्यापुढंही वाढत राहते, थांबते ती मुळातच दुःखात असलेल्या थोड्या लोकांची. म्हणजे दोन कोटी जमवण्यात चूक काहीच नाही. जमवा.

चूक क्रमात आहे. आधी पैसा, मग जगणं, हा क्रम तुम्ही धरलाय. पैशाच्या बाबतीत उशीर भरून काढता येतो. हप्ते चुकले तर दंड भरून खातं चालू होतं, जमीन विकून एकरकमी कर्ज फेडता येतं. माणसं, शरीर, हातातली कला, गावाशी असलेलं नातं, या खात्यांत एकरकमी काही भरता येत नाही. तिथं फक्त छोटे हप्ते चालतात आणि तेही वेळेवर.

माझ्या धंद्यातलंच उदाहरण देतो. नोकरी सोडल्यावर कंपनीचा आरोग्य विमा जातो. तेव्हा धावपळ करून स्वतःची पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षा कालावधी लागतो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. हातात पैसा असतो, हप्ताही भरलेला असतो, पण संरक्षण नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, की नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी काढा, म्हणजे ती मुदत आधीच सरून जाईल. तुम्हीही याच महिन्यात काढा. आणि हाच प्रतीक्षा कालावधी माणसांनाही असतो हे लक्षात घ्या. पन्नासाव्या वर्षी बॅग घेऊन तुम्ही गल्लीत उतराल, लोक चांगलं बोलतील, चहा पाजतील. पण तुमच्या घराची किल्ली ठेवून घ्यावी, रात्री बेरात्री तुम्हाला हाक मारावी, इतकं होईपर्यंत वर्षं जातात.

हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, त्याच त्या माणसांचा तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाठपुरावा करणारा. त्यात एक निष्कर्ष असा आला, की पन्नाशीत माणूस आपल्या नात्यांत किती समाधानी होता, त्यावरून त्याची ऐंशीतली तब्येत जास्त नीट सांगता आली; कोलेस्टेरॉलवरून तितकी नाही. तुम्ही बरोब्बर पन्नाशीला सुरुवात करू म्हणताय.

सोलापूरकराला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक तुम्ही लहानपणी पाहिलेली आहे. पांढऱ्या बाराबंद्या, सात नंदीध्वज, पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. बघणाऱ्याला ते तीन-चार दिवस दिसतात. पण एवढी उंच, जड काठी तोल सांभाळत गर्दीतून न्यायची म्हणजे त्याचा सराव आधी कित्येक दिवस चालतो. थंडीत संध्याकाळी कामावरून आलेली पोरं काठी पेलायला जातात, जुने-जाणते बाजूला उभं राहून पाय कुठं टाकायचा ते सांगतात. भोगीच्या सकाळी येऊन, ‘मी भरपूर देणगी देतो, आज मला पेलू द्या’ म्हणणाऱ्याला ती पेलणार नाही. खांद्याला आणि कमरेला ते आधी शिकावं लागतं.

आता हातातल्या कलेबद्दल, म्हणजे स्वतः काहीतरी नीट येण्याबद्दल. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मला टोचली. मुलांना तेलुगू येत नाही, ती आजीशी मराठीत बोलतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय.

मी ४७ व्या वर्षी तेलुगू शिकलो. माझी बोली घरातली मराठी, थोडी बाजारातली कन्नड. पण निम्मे पक्षकार पूर्व भागातले पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाचे, त्यांचं आपसातलं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. त्या सुमारास मला मधुमेह निघाला. जुलैअखेर विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर ऑडिट, मग मार्च, या चक्रात वीस वर्षांत कामाबाहेरचं मी काही केलेलं नव्हतं, हे डॉक्टरांसमोर बसल्यावर जाणवलं. सुताचा व्यापार करणारे एक वृद्ध पक्षकार होते. त्यांना म्हटलं, मला वाचायला शिकवा. ते दर बुधवारी संध्याकाळी यायचे. त्यांची स्वतःची जुनी वही हेच पाठ्यपुस्तक. अक्षरावर बोट ठेवायचे, मी उच्चारायचो, चुकलं की बोट तिथंच दाबून धरायचे. बरोबर येईपर्यंत पुढं सरकायचं नाही. वर्षभरानंतर मी ‘बागुन्नारा?’, म्हणजे ‘बरे आहात ना?’, म्हणून विचारायला लागलो तेव्हा वीस वर्षांचे जुने पक्षकार खुर्चीत वेगळे बसायला लागले. हिशेबाबरोबर घरातलं सांगायला लागले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथोत्सवात त्यांच्या घरच्यांबरोबर चालायला मला बोलावणं येतं, ते त्यामुळं.

ते गृहस्थ वारले. त्यांच्या मुलानं वारसाच्या कामासाठी कागद आणले, त्यात तीच वही. त्याला ती वाचता येत नव्हती. एका पानावर नऊ-दहा नावं आणि रकमा होत्या, परतफेडीची तारीख कुणापुढंच नव्हती. तो म्हणाला, ‘एवढी उधारी बुडाली म्हणायची.’ मी पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं एकच शब्द होता: पेळ्ळि. म्हणजे लग्न. त्यांच्याकडं पूर्वी काम केलेल्यांच्या मुलींच्या लग्नात दिलेले ते पैसे होते, परत घेण्यासाठी दिलेलेच नव्हते. मुलगा पान धरून बसला. त्याला आपल्या वडिलांच्या दुकानाची किंमत पै-पैशासकट माहीत होती. हे पान माहीत नव्हतं.

तुमची मुलं उद्या असंच एखादं पान धरून बसू नयेत, असं मला वाटतं. भाषा हा ऐवजच आहे आणि तो तुमच्या घरातून एका पिढीत निघून चाललाय. आई आहे तोवर तिच्याकडून शिकणं फुकट आहे. रोज रात्री दहा मिनिटं मुलांनी आजीला फोन करायचा, तेलुगूतच, चुकत का होईना. ‘तिन्नारा?’, म्हणजे ‘जेवलात का?’, एवढ्यानं सुरुवात केली तरी पुरे. आजी पुढचं बघून घेईल.

त्या वहीवरून आठवलं. आपल्याकडं बाराव्या शतकात शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या बरोबरच्या शिवभक्तांनी, दोन शब्द दिले, कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक कष्टाची कमाई, दासोह म्हणजे तिच्यातून आपल्या गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजात वाटणं. मंगळवेढ्यात बसवेश्वर बिज्जळ राजाच्या पदरी हिशेबाचं काम करत होते असं परंपरा सांगते, म्हणून मला ते आमच्या धंद्यातले वाटतात. आणि सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदला, त्याच्या काठावर आपण लहानाचे मोठे झालो. दोन शब्दांतला क्रम बघा: कमाई आधी आहेच, तिला कुणी कमी लेखलेलं नाही. पण दासोह म्हातारपणासाठी राखून ठेवलेला नाही, तो कमाईच्याच दिवसांत करायचा.

शरीराचं मी लांबवत नाही. चालायला लागा आणि रात्री वेळेवर झोपा. मधुमेह झाल्यावर शहाणा झालेल्या माणसाचं ऐका.

करण्यासारखं सांगा म्हणालात, तर पहिलं काम पाण्याचं आहे. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते येईल त्या वेळेला उठून मोटार लावायची, टाकी भरायची. तुमच्या वडिलांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. मग मोटार लावायला खाली कोण उतरतं? आईला विचारा. माझा अंदाज, शेजारचं कुणीतरी त्यांची टाकी भरून देत असणार, कारण आपल्या गल्ल्यांत ते होतं. त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? त्याच्या घरी तुम्ही शेवटचे कधी बसला होता? पुढच्या खेपेला आलात की आधी त्याच्याकडं जा. भेटवस्तूचं पाकीट नेऊ नका, ते हिशेब मिटवल्यासारखं दिसतं. बसा, त्यांच्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, त्यांच्या मुलाची नोकरी, शिक्षण काय ते विचारा. तुमच्या ओळखीचा तिथं उपयोग होत असेल तर करा.

दुसरं, खेपा वाढवा. सध्या तुम्ही दोन-तीन महिन्यांनी शनिवारी दुपारी येता आणि रविवारी जेवून निघता. त्यात आई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जा, घरून काम करायची सोय असेल तर आणखी एक दिवस थांबा. दोन रात्री झाल्या की पाहुणेपण संपतं. वडिलांना घेऊन त्यांच्या जुन्या कारखान्याच्या बाजूला चक्कर मारा. धोटा, कांडी, बीम, जॅकार्डवर मोर कसा उतरतो, हे त्यांना सांगायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती ज्या हातांनी विणली ते हात तुमच्या घरात बसलेत.

तिसरं, रविवारचे दोन तास तुमच्या गल्लीतल्या पोरांना द्या. तुम्हाला संगणक येतो. तिथं बारावी झालेल्या पोरांना शिष्यवृत्तीचे अर्ज नीट भरता येत नाहीत, बायोडाटा लिहिता येत नाही. पुण्यातून व्हिडिओ कॉलवर करता येईल एवढंच काम घ्या, पण दर आठवड्याला करा. सहा वर्षांनी तुम्ही राहायला याल तेव्हा त्या पोरांतली काही जण कमावती झालेली असतील आणि तुम्हाला नावानं ओळखतील. परगावाहून आलेला श्रीमंत माणूस म्हणून तुम्हाला सुरुवात करावी लागणार नाही.

यासाठी दोन कोटींचा आकडा थोडा लांबला तर लांबू द्या. प्रवास, सुट्या, एखादी नाकारलेली बढती, यांची किंमत मी कागदावर मांडून दाखवू शकतो. माझ्या अंदाजानं सहाच्या जागी सात वर्षं लागतील. दरमहा खर्च किती आणि गुंतवणूक कुठं कुठं आहे ते पाठवा, नीट आकडेमोड करून सांगतो.

येत्या संक्रांतीला भोगीच्या आदल्या दिवशी या, मुलांनाही आणा. माझं ऑफिस जानेवारीत संध्याकाळी सहानंतर मोकळं असतं, तेव्हा बसू. तुमचं स्वतःचं मृत्युपत्रही करून टाकू, ४४ हे त्यासाठी लवकरचं वय नाही. मसुदा मी करून ठेवतो. साक्षीदार दोघं तुम्ही आणायचे, आणि माझ्या ऑफिसातली पोरं चालणार नाहीत.